मोठं स्टिअरिंग

गाडी गोदामाच्या कोपऱ्यावर अडकली, तेव्हा फुसाएनं दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. स्टिअरिंग तसूभरही पुढे सरकत नव्हतं. मागे तिच्याच घराचं कुंपण, पुढे साके ही तांदळाची दारू गाळणाऱ्यांच्या जुन्या गोदामाचं दगडी जोतं, आणि मधे आडवी तिरपी अडकलेली ती हिरवी गाडी.

समोरच्या घरातून मिझोगुची-सान, म्हणजे मिझोगुचीबाई, झाडू घेऊन बाहेर आली. तिला झाडायचं काहीच नव्हतं.

"फुसाए-सान, जरा दमानं घ्या. गोदाम दोनशे वर्षांचं आहे, ते काही बाजूला व्हायचं नाही."

शेवटी मिझोगुची-सान, तिचा नवरा आणि टपाल वाटायला आलेला माणूस अशा तिघांनी गाडी ढकलत पुन्हा गॅरेजमध्ये नेऊन लावली. फुसाए आत बसून नुसती ब्रेकवर पाय ठेवून होती. गॅरेजच्या दाराशी, लाकडी खुर्चीत, फुसाएचे पती ताकेहिको बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण त्यात नवल नव्हतं. वसंतात अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एकच शब्द नीट येत असे, आणि तो म्हणजे "नाही". चहा हवा असला तरी नाही, नको असला तरी नाही. सुरावरून ओळखायचं. फुसाएला बहुतेक वेळा ओळखता येई. त्या दिवशी ते नुसते गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघत राहिले.

गाडी एकोणसत्तर सालातली होती. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. ताकेहिकोंनी ती लग्नानंतर काही वर्षांनी कुणाच्या तरी गोठ्यातून, कोंबड्यांखालून काढून आणली होती, आणि पुढची चाळीस वर्षं रविवारी सकाळी ते तिच्या पोटाखाली असत. जहाजांच्या कारखान्यात त्यांचं काम पोलादी पत्र्यांवर आखणी करण्याचं. रेघ चुकली तर जहाज चुकतं, असं ते म्हणत, आणि घरातली भिंतीवरची दिनदर्शिकाही वाकडी टांगू देत नसत. गाडी चालवायची ती त्यांनीच. फुसाएची जागा डावीकडे, मांडीवर जेवणाचा डबा. तिला गाडी येत नव्हती असं नाही. मुलगा लहान असताना तिनं संत्र्यांच्या सहकारी संघाचा ट्रक चार हंगाम चालवला होता, डोंगरावरच्या बागांतून बंदरापर्यंत. पण त्या ट्रकचा आणि या गाडीचा संबंध असू शकतो, हे घरात कधी कुणाच्या मनात आलं नाही, तिच्याही नाही.

आता मात्र यायची वेळ आली होती. नाओतोनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं. ओकायामाचा एक गृहस्थ, जुन्या गाड्यांचा शौकीन, भला माणूस. तो रविवारी यायचा होता. नाओतोचं म्हणणं सरळ होतं आणि फुसाएला त्यात खोट काढता येत नव्हती. सरकारी तपासणीची मुदत महिनाअखेर संपते, पुन्हा तपासणी करून घ्यायची तर कुणीतरी ती चालवणारा हवा. बाबांनी परवाना परत केला. तो स्वतः हिरोशिमाला, आणि त्याला क्लचची गाडी येत नाही. उभी गाडी कुजते. मग तिच्यावर प्रेम करणाऱ्याकडे का जाऊ नये?

हे सगळं खरं होतं. पण नाओतो महिन्यातून एकदा येई, आणि रोज सकाळी काय होतं ते त्याला दिसत नसे. रोज सकाळी, अजून दव वाळलेलं नसताना, ताकेहिको काठी घेऊन उठत आणि अंगणातून गॅरेजपर्यंत चालत जात. उजवा पाय ओढत, मधे दोनदा थांबत. तिथे खुर्चीत बसून गाडीकडे बघत, आणि परत येत. एवढंच. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीनं फुसाएला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मी शिकवते तो व्यायाम ते माझ्यासाठी करतात, हे चालणं मात्र ते स्वतःसाठी करतात, आणि कामाला येतं ते हेच. गॅरेज रिकामं झालं, तर ते कुठे चालत जाणार होते?

तिनं फोनवर नाओतोला म्हटलं होतं, की गाडी मी चालवेन.

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. मग म्हणाला, "आई, रविवारी माझ्यासमोर ती गॅरेजमधून काढ, गोदामाच्या कोपऱ्यावरून रस्त्याला लाव आणि परत आण. तेवढं केलंस तर मी ओकायामाला नको म्हणून कळवतो. पण बाहेर काढता आली नाही, तर तू हट्ट सोडायचा."

"कबूल," ती म्हणाली होती. आणि त्याच दुपारी कोपऱ्यावर अडकली होती.

क्लच तिला आठवत होता, गिअर आठवत होते, हातांनी ते आपोआप केलं. अडत होतं ते स्टिअरिंगवर. गाडी पळत असताना पुढची चाकं वळवणं सोपं असतं, कारण टायर फिरता फिरता वळतो. पण अगदी सावकाश, जवळजवळ जागच्या जागी वळवायचं, तर टायरला जमिनीवर घासतच वळावं लागतं, आणि या गाडीत त्या घासण्याशी झुंजायला माणसाच्या दंडांखेरीज दुसरं काही नव्हतं. त्यात ताकेहिकोंनी गाडी घेतली त्याच आठवड्यात तिचं मूळचं स्टिअरिंग काढून टाकून हे छोटं, जाड, कातड्यानं मढवलेलं शर्यतीच्या गाडीसारखं बसवलेलं. त्यांच्या दंडांना ते मानवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फुसाए ओसरीच्या वळचणीखाली पर्सिमनची केशरी फळं चोळत बसली होती. सोलून एका मोठ्या कड्याला दोऱ्यांनी टांगलेली ही फळं वाळत आली, की रोज बोटांनी हलकी दाबावी लागतात, म्हणजे आतला गर मऊ राहतो. एका बाजूची फळं झाली, की ती वरच्या कड्याला बोट लावून सगळं झुंबर फिरवी आणि सावलीतली फळं उन्हात आणी. पन्नासेक फळांचा भार होता, पण कडं मोठं असल्यामुळे बोटानं फिरे.

तिनं बोट थांबवलं आणि वर पाहिलं.

ते कडं म्हणजे गाडीचं मूळचं स्टिअरिंग होतं. ताकेहिकोंनी "बसवाल्याचं" म्हणून ते फेकायला काढलं होतं, आणि फुसाएनं, चांगली वस्तू का टाकायची म्हणून, त्याला मधोमध दोरी बांधून वळचणीला टांगलं होतं. कित्येक शरद ऋतू ते पर्सिमन सांभाळत होतं. काळं, बारीक, आणि सुपाएवढं रुंद. संघाच्या ट्रकला असंच होतं. त्या ट्रकमध्ये संत्र्यांच्या पेट्या गळ्यापर्यंत भरलेल्या असत, आणि बागेतल्या वळणांवर ती ते नुसत्या तळहातांनी ओढून घेई. तेव्हा काही तिच्या दंडात फार बळ होतं असं नाही. लांब दांड्याच्या पान्यानं घट्ट नट सुटतो, त्यातलाच प्रकार. मध्यापासून हात जितका दूर, तितका जोर कमी लागतो. छोट्या स्टिअरिंगवर तिला जे पेलत नव्हतं, ते मोठ्यावर कदाचित पेललं असतं. थोडासाच फरक होता, पण अडलंही होतं थोडक्यासाठीच.

तिनं फळं सोडवून कपडे वाळत घालायच्या बांबूवर टांगली, कडं कोमट पाण्यानं धुतलं आणि गॅरेजमध्ये नेलं.

ताकेहिको खुर्चीत होतेच. तिच्या हातातलं चाक बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे लावणार आहे," ती म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. यातला सूर ओळखायला कष्ट पडले नाहीत.

तिनं बॅटरीची तार सोडली. हे त्यांना करताना तिनं इतक्यांदा पाहिलं होतं, की विचारावं लागलं नाही. हॉर्नचं बटण पातळ सुरीनं उचकटून काढलं. खाली स्टिअरिंगच्या मधोमध एक मोठा नट होता. त्यावर पाना चढवला, पान्याच्या दांड्यात नळीचा तुकडा घालून तो लांब केला आणि अंगाचा भार टाकला. नट किंचाळून सुटला. फुसाएला इतका आनंद झाला, की तिनं तो बोटांनी गरागरा फिरवत पार काढला आणि बशीत ठेवला. मग सीटवर नीट बसून, गुडघे दोन्हीकडे टेकवून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आपल्याकडे ओढलं.

ते हललं नाही.

आत दांड्याला सगळीकडून बारीक दाते असतात आणि स्टिअरिंगच्या गाभ्याला तशाच खाचा. चाळीस वर्षांत दोन्ही एकमेकांत रुतून बसले होते. तिनं गंज सोडवणारं तेल सोडलं, आत जाऊन भात लावला, परत आली, ओढलं. पुढे वाकली, हनुवटी जवळजवळ नटाच्या जागेवर आणली आणि पुन्हा ओढलं.

"नाही," ताकेहिको म्हणाले.

"बघा तरी."

"नाही. नाही." ते खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटत होते.

फुसाएनं हात खाली घेतले. दंड दुखत होते, आणि दुखण्यापेक्षा ते ऐकून आलेला राग मोठा होता. ती शांत स्वभावाची होती असं गल्लीत सगळे म्हणत, मिझोगुची-सान तर म्हणायची, की फुसाए-सान भांडायला लागल्या तर मी तिकीट काढून बघायला येईन.

"अहो, मला एक कळू द्या," ती म्हणाली. "गाडी ओकायामाला गेलेली चालेल, पण बसवाल्याचं चाक लावून माझ्या हाती दिसलेली चालणार नाही, असंच ना? चाळीस वर्षं मी डावीकडे बसले. डबे सांभाळले. एकदा तरी म्हणालात, की फुसाए, आज तू घे? एकदा? मी संघाचा ट्रक चालवत होते. तुम्ही त्यात बसलाही होतात, झोपलाही होतात. आणि आता मी तुमच्यासाठी हे करतेय, तर तुम्ही तिथे बसून नाही, नाही, नाही."

ताकेहिकोंचं तोंड हललं. शब्द कुठेतरी अडला, ओठांपर्यंत आलाच नाही. त्यांचे डोळे तिच्यावर नव्हते, बशीवर होते. मग त्यांनी डावा हात टेकून स्वतःला उचललं. काठी भिंतीला टेकवलेली होती, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाडीच्या पत्र्यावर हात ठेवत, नितंब टेकत, उजवा पाय मागून ओढून आणत ते दारापर्यंत आले. फुसाएनं धरायला हात पुढे केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला. वाकून त्यांनी सीटच्या कडेला ठेवलेल्या बशीतून नट उचलला.

तिला वाटलं, झालं. आता हा नट पुन्हा आवळणार, आणि मग मी काय त्यांच्याशी मारामारी करणार आहे? तिनं हात मांडीवर ठेवून दिले. घ्या, करा काय करायचं ते.

डाव्या हाताला हे काम सवयीचं नव्हतं. नट पहिल्यांदा घसरून तिच्या मांडीवर पडला. तिनं तो उचलून मुठीत धरला, क्षणभर. मग मूठ उघडली. त्यांनी तो पुन्हा घेतला, दांड्याच्या टोकाला टेकवला, आटे सापडेपर्यंत उलटा फिरवला, मग सुलटा. एक फेरा, दुसरा, तिसरा. आणि थांबले. आवळला नाही. नट आणि गाभा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट तशीच ठेवली, आणि तो ढिला नट बोटानं हलवून तिला दाखवला.

मग त्यांनी तेलकट बोट तिच्या हनुवटीवर ठेवलं, तिथून तिच्या पुढच्या दातांवर, आणि दातांवरून सरळ रेघेत स्टिअरिंगच्या मध्यावर.

फुसाएनं एकदा बोटाकडे, एकदा नटाकडे पाहिलं. रुतलेली वस्तू हळूहळू सुटत नाही. सगळा जोर लावून ओढत असताना ती एकदम सुटते, आणि त्या जोरासकट ओढणाऱ्याच्या अंगावर येते. आणि ती तर तोंड पुढे घालून बसली होती.

"दात पडले असते माझे," ती म्हणाली.

"नाही," ते म्हणाले, आणि हा सूर होकाराचा होता.

"मग ते नाही नाही कशाला चाललं होतं? माझ्या दातांसाठी?"

दाराच्या चौकटीला खांदा टेकून त्यांनी डाव्या हातानं स्टिअरिंगची आपल्या बाजूची कड पकडली आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं दुसरी बाजू धरली. सरळ ओढायचं नव्हतं. त्यांनी आपली बाजू ओढली, सोडली, मग भुवईनं तिला खूण केली. तिनं आपली ओढली, सोडली. पुन्हा ते. पुन्हा ती. डाव्या उजव्या झोल्यांनी आतले दाते एकेक करून सुटे होत असावेत. ताकेहिकोंचा श्वास जोरात चालला होता, कपाळावर घाम आला होता. मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि स्टिअरिंग त्या तीन फेरे लावलेल्या नटावर येऊन आपटलं. तिथेच अडलं.

दोघंही दचकले. मिझोगुची-सान कुंपणापलीकडून विचारू लागली, की काय पडलं. फुसाएनं काही पडलं नाही म्हणून सांगितलं, आणि स्वतःच्या पुढच्या दातांवरून जीभ फिरवली.

ताकेहिकोंना खुर्चीपर्यंत नेताना तिनं त्यांच्या बगलेत हात घातला. या वेळी त्यांनी सारला नाही. ते बसल्यावर तिनं नट काढून कातडी स्टिअरिंग उतरवलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं त्याची शिवण चाचपत राहिले. ज्या ठिकाणी त्यांची बोटं इतकी वर्षं असत, तिथे कातडं काळं, चकचकीत झालं होतं. मोठं बसवायचं काम फुसाएनं दुसऱ्या दिवशी केलं, दिवसभर वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्राची गाडी त्यांना घेऊन गेल्यावर, एकटीनं.

रविवारी नाओतो सकाळच्या आगगाडीनं आला. मोठं काळं चाक बघून तो म्हणाला, "हे पर्सिमनचं ना?" आणि आई चेष्टा करतेय की काय, अशा नजरेनं तिच्याकडे बघू लागला. ओकायामाचा गृहस्थ दुपारी येणार होता. मिझोगुची-सान नवऱ्यासकट दारात उभी होती, या खेपेला झाडूशिवाय. तिनं सांगितलं, की आम्ही ढकलायला आलोच आहोत, संकोच करू नका.

फुसाए बसायला गेली, तर ताकेहिको डाव्या दाराशी उभे.

"बाबा, तुम्ही इथेच थांबा," नाओतो म्हणाला.

"नाही."

त्यांना त्या बुटक्या सीटवर बसवायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात गाडीनं बंदर गाठलं असतं. आधी कंबर, मग डोकं, मग डावा पाय, आणि शेवटी उजवा पाय नाओतोनं उचलून आत ठेवला. ताकेहिकोंनी इकडे तिकडे पाहिलं. आपल्याच गाडीत ते या बाजूला कधी बसले नव्हते.

इंजिन लागलं. फुसाएनं गाडी गल्लीत काढली आणि गोदामाच्या जोत्यापाशी आणली. क्लच अर्धा दाबून, मुंगीच्या पावलानं. हात चाकाच्या वरच्या कडेला नेले आणि खाली ओढले. जड होतं. चाक जागचं हललं, थांबलं, पुन्हा हललं. तिनं हात बदलले, तळवा खालच्या कडेला घालून वर ढकललं. खांद्यात कळ आली. नाक जोत्यापासून वीतभर अंतरावर आलं, तशी ती थांबली, मागे घेतली, उलट वळवलं, पुन्हा पुढे. ताकेहिको चालवत असते तर एका झोक्यात काढली असती. तिला दोनदा मागे यावं लागलं. तिसऱ्या खेपेला दगड काचेच्या कडेनं सरकत मागे गेला आणि समोर रस्ता दिसला.

मागून टाळ्या वाजल्या. ती मिझोगुची-सान असणार.

फुसाए थांबली नाही. रस्ता खाली समुद्राकडे जात होता, तिकडे तिनं गाडी सोडली. खालून एक फेरीबोट बेटाकडे निघाली होती, डोंगरावरच्या बागांत संत्री पिवळी पडली होती. तिनं काच उतरवली. आपण हसतो आहोत हे तिला गालांवरून कळलं. मग तिनं डावीकडे पाहिलं. ताकेहिको समुद्राकडे बघत नव्हते. रस्त्याकडेही नाही. ते स्टिअरिंगकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा भिंतीवरची दिनदर्शिका वाकडी दिसावी तसा झाला होता.

तिनं समोर पाहिलं. रस्ता सरळ होता, गाडी सरळ चालली होती, आणि स्टिअरिंगच्या आडव्या काड्या उजवीकडे झुकलेल्या होत्या. थोड्याशाच. एका दात्याएवढ्या.

"एक दाता इकडे बसला वाटतं," ती म्हणाली. "काही बिघडत नाही, चालतंय ना. उद्या बघू."

ताकेहिकोंनी डावा हात अंगावरून पलीकडे नेला आणि काडीवर बोट ठेवलं. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. तिला वाटलं, नेहमीचं येणार.

"आत्ता," ते म्हणाले.

वसंतानंतर तिनं त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. ती बंदरापर्यंत गेलीच नाही. मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी वळवली, गल्लीत शिरली, कोपऱ्यावर एकदाच मागे घेऊन गॅरेजमध्ये आणून लावली. नाओतो फोन हातात धरून उभा होता. काही बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, की तो शब्दाला जागणार आहे. फक्त ओकायामाच्या भल्या माणसाला कसं सांगायचं, याची त्याला लाज वाटत होती, आणि तो गृहस्थ तर आगगाडीत बसलासुद्धा होता.

"काय कारण सांगू, आई?"

फुसाए गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आली. ते आतून आधीच उघडलं होतं. ताकेहिकोंचा डावा पाय बाहेर आला होता, उजव्याला ते हातानं धरून ओढत होते, आणि मधेच एक हात तिच्याकडे पसरून बोटं हलवत होते. पाना मागत होते.

"सांग, गाडी खोलून ठेवलीय," ती म्हणाली. "आणि जेवायला थांबा म्हणावं त्यांना. वाकायला कुणीतरी लागेल."